दोरी ओढण्याआधी

पावसाळ्यानंतर होडीचं मशीन चालू होत नसेल तर सगळ्यात पहिलं काम म्हणजे हातातली दोरी सोडून द्यायची. ऐकायला सोपं वाटतं, पण मालवणजवळच्या देवबागला मी लहानपणापासून बघत आलेय, ऑगस्टच्या शेवटी प्रत्येक वाडीत कोणीतरी घामाघूम होऊन दोरी ओढतच असतं, एक दमला की दुसरा येतो, मग तिसरा, एक म्हणतो चोक पूर्ण खेच, दुसरा म्हणतो चोक बंद कर, आणि मशीन ढिम्म. तासाभराने हाताला फोड आलेले असतात, प्लग पेट्रोलने चिंब भिजलेला असतो आणि दोरी तुटायला आलेली असते. मूळचा बिघाड आहे तिथेच, वर दोन नवीन करून ठेवले.

माझं म्हणणं एवढंच आहे की ते मशीन आज बिघडलेलं नाहीये. ते जूनमध्ये बिघडलंय, जुलैमध्ये बिघडलंय, पडवीत ताडपत्रीखाली पडून असताना, कोणाचं लक्ष नसताना. त्यामुळे त्याचं उत्तर दंडाच्या जोरात सापडत नाही, एकेक गोष्ट तपासत मागे मागे जावं लागतं. रोज चालणारं मशीन बऱ्यापैकी स्वतःची काळजी घेतं, पेट्रोल ताजं येत राहतं, तेल फिरत राहतं, उष्णतेने आतला ओलावा उडून जातो. उभं राहिलं की हे सगळं थांबतं आणि मीठ, पाणी, जुनं पेट्रोल यांचं काम सुरू होतं. आणि आपल्याकडे ते बरेच दिवस उभं राहतं. मच्छीमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै, पण पर्यटकांच्या होड्या मे अखेरीला ज्या वर काढतात त्या सप्टेंबर लागल्याशिवाय पाण्यात जात नाहीत. म्हणजे तीन महिने, तेही कोकणातला पाऊस, ज्यात कपाटातल्या चपलांनासुद्धा बुरशी येते.

आमचे काका आयुष्यभर होडीवर. आधी मासेमारी, मग तारकर्ली-देवबागला पर्यटक यायला लागल्यावर डॉल्फिन दाखवायच्या फेऱ्या आणि कर्ली नदी समुद्राला मिळते त्या संगमावरच्या फेऱ्या. गॅरेजचा कोर्स वगैरे काही नाही, पण वाडीत कोणाचंही मशीन अडलं की काकांना बोलावणं येतं, आणि मी सुट्टीत घरी असले की त्यांच्या मागून नट-बोल्ट खोलायचे पाने घेऊन जाते. आजपर्यंत जे काही शिकले ते असं शेजारी उकिडवं बसून. ते आल्या आल्या मशीनला हात लावत नाहीत. आधी विचारतात, "पेट्रोल कधीचा आसा?" मग विचारतात मे महिन्यात बंद करताना कसं बंद केलं होतं. मग तिसरा प्रश्न, कोणी कोणी दोरी ओढली. या तीन प्रश्नांत निम्मं काम झालेलं असतं असं माझं स्पष्ट मत आहे.

गेल्या खेपेला शेजारच्या दादांचं मशीन अडलं होतं. पंधरा हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं मशीन, टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं असं, दोन सिलिंडर, पेट्रोल आणि हवा मिसळणारा एक कार्ब्युरेटर, दोरीने चालू होणारं, म्हणजे आपल्या किनाऱ्यावर सर्रास दिसतं तसं. चतुर्थी तोंडावर, चाकरमानी गावात, मुंबईचे पाहुणे होडीत बसायला तयार, आणि मशीन हूं की चूं करत नव्हतं. दादांचा चेहरा बघवत नव्हता, कारण ज्याचं घर होडीवर चालतं त्याला सीझनचे पहिले दिवस बुडणं परवडत नाही, हे शहरात बसून कळणार नाही. काका म्हणाले, "दोरी ओढून ओढून काय होवचा नाय. तेका काय झाला ता आदी बघू."

सुरुवात बाहेरून करायची. मशीन तातडीने बंद करायच्या स्विचमधली लाल दोरीची क्लिप जागेवर आहे ना, कारण ती नसली तर मशीनला करंटच मिळत नाही आणि तुम्ही संध्याकाळपर्यंत ओढत बसाल. गिअर न्यूट्रलला आहे ना. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे ना, तो बंद राहिला तर पेट्रोल थोडं वर जातं आणि मग टाकीत हवा न आल्यामुळे अडतं, मशीन चालू होऊन दोन मिनिटांत बंद पडतं आणि माणूस नसता कार्ब्युरेटर खोलून बसतो. मग नळीतला रबरी पंप. त्यावर बाण असतो, तो मशीनकडे बघणारा हवा, आणि दाबताना मशीनकडची बाजू वर धरायची म्हणजे आतल्या वॉल्व्हना नीट काम करता येतं. दाबत राहायचं, शेवटी तो कच्च्या पेरूसारखा कडक लागला पाहिजे. कडक झालाच नाही तर कुठेतरी हवा ओढतोय, बहुतेक वेळा नळीच्या टोकाच्या कनेक्टरमधली रबरी रिंग सुकलेली असते, किंवा नळी कुठेतरी तडकलेली असते, किंवा उंदरांनी आपला हात मारलेला असतो, पावसाळ्यात पडवीत उंदीर असतातच आणि पेट्रोलच्या वासाचं त्यांना काही वाटत नाही. दादांचा पंप कडक झाला. म्हणजे पेट्रोल वरपर्यंत पोचत होतं. प्रश्न एवढाच की पोचत होतं ते पेट्रोल होतं का.

प्लग काढले. दोन्ही ओले. आता इथे जरा थांबायला पाहिजे, कारण प्लग खूप काही सांगतो आणि लोक तो नुसता फडक्याला पुसून परत बसवतात. इतक्या वेळा दोरी ओढूनही प्लग कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत येतच नाहीये, तेव्हा पंप, नळी, फिल्टर, कार्ब्युरेटर या वाटेने शोधायचं. ओला असेल तर पेट्रोल येतंय पण पेटत नाहीये, म्हणजे एकतर ठिणगी नाही, नाहीतर जे येतंय ते पेटण्यासारखं नाही, नाहीतर चोक ओढून ओढून मशीन फ्लड झालंय, म्हणजे आत नको इतकं पेट्रोल भरलंय. एका सिलिंडरचा ओला आणि एकाचा कोरडा असेल तर ती अजून वेगळी गोष्ट. काकांनी प्लग नाकाशी धरला, मग माझ्यापुढे केला. ताज्या पेट्रोलचा वास नाकात जातो आणि उडून जातो. हा वास जड होता, आंबूस, घरातल्या जुन्या वार्निशच्या डब्यासारखा, आणि बोटाला चिकटत होता.

ठिणगी बघायची पद्धत सगळ्यांना माहीत असते, प्लग टोपीत घालायचा, त्याचा धातूचा भाग मशीनच्या ब्लॉकला टेकवायचा आणि दोरी ओढायची. पण एक गोष्ट मी आवर्जून सांगते, हे करताना ज्या भोकातून प्लग काढला त्या भोकापासून लांब धरायचा आणि भोकावर ओलं फडकं ठेवायचं, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर पडत असते आणि समोर तुम्ही ठिणगी पाडताय. पेट्रोलची टाकी बाजूला नेऊन ठेवायची. भरदुपारी उन्हात ठिणगी दिसत नाही, सावलीत करा. दादांच्या दोन्ही प्लगवर निळी, कडक, टचटच आवाज करणारी ठिणगी आली. या छोट्या मशीनना ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही, वरच्या फ्लायव्हीलमध्ये चुंबक असतात आणि ते फिरले की खालच्या कॉइलमध्ये करंट तयार होतो, म्हणून बॅटरी उतरली असेल हा विचार इथे करायचाच नाही. ठिणगी नसती तर आधी नवीन प्लग लावून बघायचा, मग स्टॉप स्विचची वायर सुटी करून बघायची, कारण खाऱ्या हवेत तो स्विच आतून गंजतो आणि मशीनला कायमचं बंद धरून ठेवतो, मग अर्थिंगच्या जागा घासायच्या, आणि त्यानंतरच कॉइल आणि सीडीआयचा, म्हणजे ठिणगी वेळेवर सोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याचा, विचार करायचा. बरेच लोक उलटं करतात. आधी सगळ्यात महाग वस्तू बदलतात.

सिलिंडरच्या भोकावर अंगठा धरून दोरी ओढली तर अंगठा उडाला पाहिजे. उडाला. म्हणजे दाब आहे, पिस्टनच्या रिंगा अडकलेल्या नाहीत. हवा, दाब, ठिणगी, पेट्रोल, एवढ्या चारच गोष्टींवर हे यंत्र चालतं आणि हे शंभर वर्षांत बदललेलं नाही. नॉर्वेहून अमेरिकेत गेलेल्या ओले एविनरूड नावाच्या माणसाने १९०९ मध्ये मिल्वॉकीला होडीच्या मोटरी विकायला सुरुवात केली, दीड हॉर्सपॉवरच्या. त्याची गोष्ट अशी सांगतात की ऑगस्टच्या उन्हात तो तळ्यापलीकडून आइस्क्रीम आणायला वल्हं मारत गेला, परत येईपर्यंत ते वितळलं, आणि तिथून त्याच्या डोक्यात होडीला मोटर लावायचं आलं. त्या मोटरीला दोरी नव्हती, वरच्या फ्लायव्हीलला एक मूठ होती, ती धरून हाताने गरकन फिरवायची. तेव्हाही चालू झाली नाही तर हेच चार प्रश्न विचारावे लागत असणार.

दादांकडे चारातल्या तीन गोष्टी ठीक होत्या, उरलं पेट्रोल. काकांनी पाण्याची रिकामी प्लास्टिकची बाटली घेतली, टाकीच्या अगदी तळातून त्यात थोडं काढलं आणि बाटली कठड्यावर ठेवून चहा प्यायला बसले. चहा संपेपर्यंत बाटलीत दोन थर झाले होते. वरचा निळसर, ऑइल मिसळलेल्या पेट्रोलचा. खालचा गढूळ पांढुरका. मध्ये रेघ ओढल्यासारखी स्पष्ट सीमा.

ही गोष्ट पंधरा-वीस वर्षांपूर्वी आमच्या वाडीत कोणी एवढी बघितली नव्हती, टाकीत पाणी जायचं तेव्हाही, पण ते थेंबथेंब तळाशी बसायचं, फिल्टर साफ केला की काम झालं. आता पेट्रोलच बदललंय. देशात २०२२ मध्ये पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल झालं, फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्क्यांचं ई-२० पेट्रोल पंपांवर यायला सुरुवात झाली, आणि २०२५ पर्यंत ते सगळीकडे पोचलं. उसाच्या शेतकऱ्याला त्यातून चार पैसे मिळतात, परदेशातून तेल कमी आणावं लागतं, ते मला पटतं, माझा त्याला विरोध नाही. पण इथेनॉल पाण्याला धरतं. हवेतला ओलावासुद्धा ओढून घेतं. थोडं पाणी असेपर्यंत ते पेट्रोलमध्ये विरघळून राहतं, दिसतही नाही, आणि एका मर्यादेपलीकडे पाणी गेलं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर खाली बसतं. पाच लिटर ई-२० मध्ये जवळजवळ एक लिटर इथेनॉल असतं, म्हणजे खाली बसणारा थर काही चमचाभर नसतो. आणि टाकीतली पेट्रोल ओढायची नळी कुठे असते? तळाशी.

टू-स्ट्रोकवाल्यांनी पुढचं नीट वाचा. आपण पेट्रोलमध्ये जे ऑइल मिसळतो, पाच लिटरला शंभर मिली म्हणजे पन्नासास एक, ते ऑइल पेट्रोलबरोबर वरच्या थरात राहतं. खालच्या थरात ऑइल जवळपास नसतंच. म्हणजे मशीन दुर्दैवाने त्या खालच्या थरावर थोडं जरी चाललं तरी आतल्या पिस्टनला आणि बेअरिंगना वंगण मिळत नाही. चालू झालं नाही हे एका अर्थी दादांचं नशीबच म्हणायचं. बहुतेक आउटबोर्डच्या मॅन्युअलमध्ये १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं, अमेरिकेत तर होड्यांच्या मशीनमध्ये १५ टक्क्यांचं पेट्रोल वापरायला कायद्यानेच बंदी आहे. आपल्याकडे पंपावर जे मिळतं तेच रस्त्यावरच्या स्कूटरलाही आणि खाडीतल्या होडीलाही. स्कूटरवाला आठवड्यात टाकी रिकामी करतो म्हणून त्याला हे जाणवत नाही. तीन महिने पावसात उभी राहणारी होडी कोणाच्या हिशोबात आली नाही, असं मला मनापासून वाटतं, आणि किनाऱ्यावर एवढी कुटुंबं या छोट्या मशीनवर जगतात त्यामुळे हे कोणीतरी लक्षात घ्यायला पाहिजे.

दादांची टाकी पत्र्याच्या शेडमध्ये होती, अर्धी भरलेली, हवेचा स्क्रू उघडा. पावसाचे शिंतोडे झाकणावर, आणि वर दिवसा गरम रात्री गार या चक्रात टाकी श्वास घेत राहते, प्रत्येक श्वासात दमट हवा आत. दादांना कोणी काही बोललं नाही. मे महिन्यात महागाचं पेट्रोल फेकायला कोणाचं मन होतं? ते सगळं पेट्रोल काढून कॅनमध्ये भरलं, आणि खाडीत ओतायचं नाही हे काकांनी शेजारच्या पोराला दोनदा बजावलं, कारण त्याच खाडीत कालवं आणि खेकडे आहेत आणि त्याच खाडीतलं आपण खातो.

मग कार्ब्युरेटर. त्याच्या तळाला पेट्रोल साठतं ती वाटी म्हणजे बाउल, त्याच्या खालचा छोटा स्क्रू काढला की जुनं पेट्रोल बाहेर येतं, इथे थेंब पडले ते तांबूस. बाउल उघडला तर आत तळाला पिवळट चिकट थर, नखाने खरवडला तर मेणासारखा निघत होता. पेट्रोल उडून जातं, मागे हा डिंक राहतो, आणि टू-स्ट्रोकमध्ये त्यात ऑइलही असतं म्हणून जास्त चिवट. पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट हलवून बघितला, पेट्रोल अडवणारी सुई अडकत नव्हती. मेन जेट, म्हणजे मशीन जोरात चालताना पेट्रोल सोडणारा भोकाचा तुकडा, काढून साफ केला, त्याचं भोक मोठं असतं, ते सहसा पूर्ण बंद होत नाही. खरा गुन्हेगार असतो पायलट जेट, मशीन हळू चालताना पेट्रोल सोडतो तो.

पायलट जेट एवढासा, पितळेचा, करंगळीच्या नखावर मावेल असा. काकांनी तो चिमटीत धरला आणि आभाळाकडे करून एक डोळा मिटून बघितला, मग मला दिला. काहीच दिसत नव्हतं. आरपार उजेड यायला पाहिजे तिथे नुसतं काळं. त्याचं भोक इतकं बारीक असतं की शिवणाची सुई आत जाणार नाही, आणि जाणारी एखादी सापडली तरी घालायची नाही, कारण पितळ मऊ असतं, भोक जरा जरी मोठं झालं तरी मशीन कायमचं वेडंवाकडं चालेल. काकांनी तो वाटीभर कार्ब क्लीनरमध्ये बुडवून ठेवला, मग जुन्या वायरमधली तांब्याची एक तार सोलून काढली, एकच, केसाएवढी, आणि ती हळूहळू, बोटांत फिरवत फिरवत आत घातली. जोर नाही लावायचा. मध्येच थांबायचं, परत बुडवायचं, परत तार. मग स्प्रेची नळी लावून एक फवारा मारला आणि दुसऱ्या बाजूने बारीक सरळ धार बाहेर आली. परत आभाळाकडे धरला. आता मध्ये पांढरा ठिपका दिसला, गोल, स्वच्छ. मला त्या ठिपक्याचा इतका आनंद झाला की मी तो दादांना दाखवला, मग त्यांच्या बायकोला, वहिनी पण एक डोळा मिटून बघत होत्या.

या जेटवरून एक खूण सांगते, ती लक्षात ठेवा. मशीन चोकवर चालू होतंय आणि चोक सोडला की मरतंय, किंवा रेस दिली तर चालतंय आणि हळू केलं की बंद, असं असेल तर दहातल्या नऊ वेळा पायलट जेट. बाकी काही खोलायला जाऊ नका.

एक स्प्रे मिळतो, हवेच्या तोंडात मारला की मशीन पटकन धरतं, गॅरेजवाले सर्रास वापरतात. टू-स्ट्रोकला तो नको. त्याने सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन जातं आणि कोरड्या भिंतीवर पिस्टन घासतो. त्यापेक्षा ऑइल मिसळलेल्या ताज्या पेट्रोलचे चार थेंब प्लगच्या भोकातून टाकले तर तेच काम होतं आणि नुकसान नाही. आणि ऑइल म्हणजे आउटबोर्डचंच, डब्यावर टीसी-डब्ल्यू-३ लिहिलेलं, बाइकचं टू-टी नाही. हे मशीन पाण्याने थंड होतं, बाइकचं हवेने, आतलं तापमान वेगळं, त्यामुळे ऑइलही वेगळं बनवलेलं असतं.

टाकी धुतली, नळी आतून साफ केली, त्याच दिवशी पंपावरून आणलेलं पेट्रोल भरलं, नवीन प्लग लावले. नवीन प्लगला काही फार पैसे पडत नाहीत, दरवर्षी लावावेत आणि जुने होडीत सुटे म्हणून ठेवावेत. मग अंगणात निळ्या ड्रममध्ये विहिरीचं पाणी भरून मशीन त्यात उभं केलं. पाण्याशिवाय मशीन चालू करायचं नाही, अगदी दहा सेकंदसुद्धा नाही, कारण खाली रबराचं इंपेलर असतं, तेच समुद्राचं पाणी ओढून मशीन थंड ठेवतं, आणि कोरडं फिरलं की त्याची पाती जळतात. तीन महिने एकाच जागी राहून पाती एका बाजूला वाकलेली असतात ती वेगळीच. इंपेलर वर्षातून एकदा बदलायचाच असा काकांचा नियम आहे आणि मला तो पटतो, आपल्या खाडीत वाळू इतकी आहे की पाती झिजायला वेळ लागत नाही.

दोरी ओढली. धूर आला, भरपूर, निळा-पांढरा, आणि मशीन चालू झालं. सगळे ओरडले. पण काका मागे वाकून बघत होते, कारण बाजूच्या छोट्या भोकातून पाण्याची धार बाहेर यायला पाहिजे ती येत नव्हती. लगेच बंद केलं. बारीक तार घालून बघितली तर आत माती. कुंभारीण माशीने त्या भोकात घर केलं होतं, ओल्या मातीचं, नीट लिंपलेलं, आत तिच्या पिल्लांसाठी ठेवलेले कोळी. ही माशी कुठलंही बोटभर भोक सोडत नाही, मशीनची पाण्याची वाट, टाकीच्या झाकणाचं भोक, नळीचं उघडं टोक. ती माती काढली, पाणी फिरवलं, परत चालू केलं, आणि मग धार आली, आधी गढूळ, मग स्वच्छ, ड्रमच्या कडेवर पडून उडायला लागली. धार येत नसताना मशीन चालू झालं या आनंदात लोक तसंच होडीला लावून निघतात आणि खाडीच्या मध्यावर मशीन तापून जाम होतं. चालू झालं म्हणजे काम संपलं असं नाहीच मुळी.

शेवटी गिअर ऑइल. खालचा स्क्रू जरासा सैल करून थेंब बोटावर घेतला. काळपट किंवा मधाच्या रंगाचं असेल तर ठीक. दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय, सील गेलंय, तेव्हा सील बदलल्याशिवाय पाण्यात उतरवू नये. दादांचं ठीक होतं.

माझा मावसभाऊ मिनेसोटाला असतो, त्याच्याकडे तळ्यात मासे पकडायची छोटी अॅल्युमिनियमची होडी आहे. ऑक्टोबरमध्ये तो मशीन काढून गॅरेजमध्ये ठेवतो, तळी गोठतात, आणि बर्फ वितळल्यावर पुन्हा लावतो. त्याच्याकडची भीती वेगळी, मशीनमध्ये पाणी राहिलं तर ते गोठतं, गोठताना साधारण नऊ टक्क्यांनी फुगतं आणि गिअरचं घर तडकतं. आपल्याकडे ते कधीच होणार नाही. पण मी त्याला बाटलीतल्या दोन थरांचा फोटो पाठवला तेव्हा त्याने लगेच ओळखलं, तिथेही पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतंच. तो पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल लवकर खराब होऊ न देणारं औषध, घालून मशीन थोडं चालवतो, मग सिलिंडरमध्ये ऑइलचा फवारा मारतो. आउटबोर्डच्या मॅन्युअलमध्ये सीझन संपल्यावर ठेवायचं एक प्रकरण असतंच, आणि ते आपल्या मे महिन्याला जवळजवळ तसंच्या तसं लागू पडतं. तेवढं तरी वाचाच, नाहीतर कोणाकडून तरी वाचून घ्या.

आमच्याकडे मे महिन्यात असं करतात. शेवटच्या फेरीनंतर ड्रममध्ये गोड्या पाण्यात मशीन दहा-पंधरा मिनिटं चालवायचं म्हणजे आतलं मीठ धुऊन जातं. मग पेट्रोलची नळी काढून टाकायची आणि मशीन स्वतःहून बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं, त्यानंतरही बाउलचा स्क्रू काढून उरलेले थेंब काढायचे, कारण थोडं राहतंच आणि त्या थोड्याचाच डिंक होतो. प्लग काढून प्रत्येक भोकात चमचाभर ऑइल, दोरी हळूच फिरवून ते सगळीकडे पसरवायचं, प्लग परत लावायचे. गिअर ऑइल बदलायचं ते मे महिन्यातच, सप्टेंबरमध्ये नाही, म्हणजे पाणी गेलं असेल तर ते तीन महिने गिअरवर बसत नाही. ग्रीसच्या जागी ग्रीस. टाकी रिकामी करून, आतून सुकवून, झाकण आणि स्क्रू घट्ट बंद. ते पेट्रोल ऑइल मिसळलेलं असतं म्हणून बाइकमध्ये ओतू नका, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात लागेल तेवढंच मिसळत जा म्हणजे उरतच नाही. आणि मशीन आडवं टाकायचं नाही, लाकडी घोडीवर उभं ठेवायचं, जमिनीपासून वर, सुती कापड गुंडाळून. प्लास्टिक नको. प्लास्टिकमध्ये ओलावा कोंडतो आणि आतून मशीनला घाम सुटतो, ताडपत्री टाकायची तर वर, हवा खेळेल अशी. भोकांना कापडाचे बोळे, माशीसाठी. महिन्यातून एकदा दोरी हलक्या हाताने थोडी ओढायची, चालू करायला नाही, आतलं एका जागी चिकटून बसू नये म्हणून.

हे सगळं करायला एक दुपार लागते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ घालताना आपण समुद्राकडे इतकं काही मागतो, मालवणच्या बंदरावर नारळ लढवायला किती गर्दी असते, त्या सणासाठी अंगण सारवतो, होडीला रंग काढतो, हार घालतो. मशीनसाठी मे महिन्यातली एक दुपार द्यायला काय हरकत आहे.

आणि मशीन नीट चालू झालं, धार आली, आवाज एकसारखा लागला, तरी पहिली फेरी संगमाकडे न्यायची नाही. तिथे कर्लीचं पाणी आणि समुद्र एकमेकांत घुसतात, वाळूच्या पट्ट्यावर लाटा फुटतात, आणि ओहोटीच्या वेळी मशीन बंद पडलं तर होडी सरळ बाहेर ओढली जाते. पहिल्या दिवशी भरतीला, खाडीच्या आतच, किनाऱ्याच्या कडेकडेने अर्धा तास फिरवायचं, हळू, मग जोरात, मग बंद करून परत चालू करून बघायचं, कारण गरम झालेलं मशीन परत चालू होतंय का हे थंड मशीनवरून कळत नाही. होडीत वल्ही, नांगर आणि दोर, प्लगपाना, सुटे प्लग, लाइफ जॅकेट, आणि सोबत दुसरा एक माणूस. दादांनी तसंच केलं, काका त्यांच्या बरोबर गेले. पाहुणे घाटावर उभे राहून विचारत होते की आम्हाला पण न्या, दुप्पट पैसे देतो. दादा उद्या या म्हणाले. मला वाटतं त्या पहिल्या फेरीत पर्यटक घेऊच नयेत, कोणी कितीही देत असला तरी.